चेक इंजिनचा दिवा लागला? आधी वाचा, मग मोजा, मगच बदला



या आठवड्याच्या व्हिडिओत ना सेल्सचा विषय आहे, ना मार्केटिंगचा. विषय आहे गाडीच्या डॅशबोर्डवरचा एक छोटासा पिवळा दिवा. तुम्ही म्हणाल, सर, हे काय मध्येच? सांगतो. आपल्यापैकी किती जणांचा धंदा चार चाकांवर उभा आहे ते आठवा. दूध, बेकरी, टिफिन, पाण्याचे जार, फर्निचर, केटरिंग. गाडी एक दिवस बंद पडली की दुकान एक दिवस बंद. आणि हा विषय घेण्याचं आणखी एक कारण आहे. यात एक चूक माझी स्वतःची आहे, आणि तिचा भुर्दंड माझ्या एका विद्यार्थिनीला पडला.

व्हिडिओत जे दाखवलंय ते इथे नीट लिहून देतोय, म्हणजे गाडीशेजारी उभं राहून मोबाईलवर वाचता येईल.

काय झालं होतं?

नाशिकला आमच्या बॅचमधल्या एक ताई टिफिन सर्व्हिस चालवतात. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांत रोज सत्तर-ऐंशी डबे जातात. एक पेट्रोल व्हॅन, एक ड्रायव्हर. पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला, "सर, गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. गाडी काढू की नको?"

मी काय सांगावं? "काही होत नाही ताई. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून परत लावा, दिवा जाईल."

दिवा गेला. ताई खूश, मीही खूश. शुक्रवारी उड्डाणपुलाच्या चढावर तोच दिवा लुकलुकायला लागला, गाडी झटके मारायला लागली. डबे पन्नास मिनिटं उशिरा पोचले. कंपनीने त्या दिवसाचे २,१०० रुपये कापले. गाडी जवळच्या गॅरेजला दिली. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणून तो बदलला, मजुरी धरून ४,२०० रुपये. गाडी गॅरेजला असताना दोन दिवस भाड्याचा टेम्पो, २,४०० रुपये. एकूण ८,७०० रुपये. आणि पुढच्या मंगळवारी? दिवा परत लागला.

मग मी आयटीआयमधून निवृत्त झालेले, माझ्या ओळखीचे एक शिल्प निदेशक आहेत, त्यांना घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही ताप बघितलाच नाही, थर्मामीटर झटकून ठेवलात."

दिवा नक्की काय सांगतो?

गाडीचा कॉम्प्युटर इंजिनावर सतत लक्ष ठेवतो. हवा किती आली, पेट्रोल किती गेलं, ठिणगी पडली का, धूर कसा आहे. काही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो एक कोड साठवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना ओबीडीची दुसरी पिढी सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांखाली पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला आला. म्हणजे तुमची गाडी साधारण २०१३ नंतरची असेल, तर बहुतेक वेळा ती स्वतःचं दुखणं स्वतः सांगू शकते. आपण विचारायचं तेवढं बाकी असतं.

बॅटरीची वायर काढली की साठवलेला कोड पुसला जातो. बिघाड तिथेच राहतो, पुरावा जातो. माझी चूक ती हीच.

पायरी १ : आधी दिव्याकडे नीट बघा

- चावी फिरवल्यावर लागतो, इंजिन सुरू झालं की जातो : हे बरोबर आहे. दिवा चालू आहे ना, याची गाडी स्वतःच चाचणी घेते.
- इंजिन चालू असताना स्थिर पिवळा : गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरू नका, पण एक-दोन दिवसांत कोड वाचा. वेग आणि लोड बेताचा ठेवा.
- लुकलुकणारा पिवळा : इंजिन जोरात मिसिंग मारतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो तापून आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, त्यामुळे तो भाग खिसा रिकामा करणारा आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या.
- लाल दिवा, म्हणजे तेलाची किटली किंवा तापमानाचं चिन्ह : हा विषय वेगळा. गाडी लगेच थांबवा, इंजिन बंद करा. इथे "दुकानापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्यांनी इंजिनं घालवलीत.

ड्रायव्हरला हे चार फरक शिकवा. ताईंच्या ड्रायव्हरला लुकलुकण्याचा अर्थ माहीत असता, तर तो चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिला नसता.

पायरी २ : एक रुपया खर्च न करता पाच मिनिटांची पाहणी

इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा.

- बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आहे का? पकड ढिली आहे का? कमी व्होल्टेजमुळे भलतेच कोड येतात. गाडी उभी असताना बॅटरी साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५.
- एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा नीट बसल्यात का? सर्व्हिसिंगनंतर लगेच दिवा लागला असेल तर आधी इथेच बघा. फिल्टर बदलताना सेन्सरचा प्लग परत जोडायचा राहिला, हे फार वेळा घडतं.
- उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? पावसाळ्यात उबेसाठी उंदीर बॉनेटखाली मुक्काम ठोकतात. जिथे किराणा किंवा अन्न असतं तिथे तर हमखास.
- रबरी नळ्या चिरल्यात किंवा निसटल्यात का?
- इंजिनावर प्रेशरच्या पाण्याने वॉशिंग केलं होतं का? कनेक्टरमध्ये पाणी शिरतं.

अमेरिकन व्हिडिओंमध्ये पहिला सल्ला असतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. तिथल्या गाड्या टाकीतून गळणारी पेट्रोलची वाफसुद्धा तपासतात. आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांत ती तपासणी नसते. झाकण जरूर बघा, फुकट आहे, पण तेवढ्यावर थांबू नका.

पायरी ३ : कोड वाचा आणि लिहून ठेवा

यासाठी ब्लूटूथचा छोटा ओबीडी अ‍ॅडाप्टर लागतो. बाजारात 'ईएलएम ३२७' या नावाने मागितला की मिळतो. ताईंना ७०० रुपयांना मिळाला. आयफोन असेल तर त्यावर चालणारा आहे ना, हे घेण्याआधी विचारा.

१. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं. अ‍ॅडाप्टर त्यात लावा.
२. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका.
३. मोबाईल ब्लूटूथने जोडा, ओबीडीचं अ‍ॅप उघडा, कोड वाचा.
४. सगळे कोड वहीत लिहा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. एकच नाही, सगळे.
५. 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद दिसली तर तीही टिपा. बिघाड पकडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, हे त्यात असतं. इंजिन थंड असताना बिघाड झाला की चढावर गरम असताना, यावरून अर्धा तपास होतो.
६. 'क्लिअर' हे बटण आज दाबायचं नाही. अजिबात नाही.

पायरी ४ : कोडची भाषा समजून घ्या

ताईंच्या गाडीत दोन कोड निघाले. पी-०३०३ आणि पी-०१३१.

पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चॅसी, 'यू' म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिसरी जागा विभाग सांगते. १ आणि २ इंधन-हवा, ३ ठिणगी आणि मिसिंग, ४ धुराचं नियंत्रण, ५ वेग आणि आयडलिंग, ६ कॉम्प्युटर, ७ आणि ८ गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

म्हणजे पी-०३०३ : तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. पी-०१३१ : ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज कमी येतोय.

आता इथे गंमत बघा. गॅरेजवाल्याने सेन्सरचा कोड बघून सेन्सर बदलला होता. नवा सेन्सर लावूनही तोच कोड परत आला. का? निदेशकांनी कागदावर काढून दाखवलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. त्यामुळे तिथली हवा न जळता तशीच बाहेर पडत होती. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचत होता. सेन्सर म्हणत होता, "इथे ऑक्सिजन फार आहे." आणि ते खरंच होतं!

सेन्सर खोटं बोलतच नव्हता. जो खरी बातमी देत होता, त्यालाच आपण ४,२०० रुपये खर्चून काढून टाकलं.

मित्रांनो, हे वाक्य वहीत लिहून घ्या. कोडमध्ये ज्या भागाचं नाव येतं तो भाग दोषी असेलच असं नाही. अनेकदा तो फक्त तक्रारदार असतो.

पायरी ५ : भाग बदलण्याआधी चाचणी घ्या

ताईंच्या व्हॅनला प्रत्येक सिलिंडरवर वेगळी इग्निशन कॉइल आहे. सगळ्या गाड्यांना अशी नसते, आपल्या गाडीची रचना आधी बघा. निदेशकांनी इंजिन थंड असताना, चावी काढून, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. स्पार्क प्लगला हात लावला नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही," ते म्हणाले.

कोड लिहून ठेवलेले होते, त्यामुळे आता ते पुसले. गाडी चालू करून काळजीपूर्वक छोटी फेरी मारली. दिवा आला. नवा कोड, पी-०३०१.

मिसिंग कॉइलच्या मागे मागे पहिल्या सिलिंडरवर गेलं. आरोपी सापडला. कोड तिसऱ्यावरच राहिला असता, तर कॉइल निर्दोष ठरली असती आणि मग स्पार्क प्लगची अशीच अदलाबदल केली असती. त्यानंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. नवी कॉइल १,४५० रुपये. वीस मिनिटांचं काम.

असेच आणखी काही नेहमीचे कोड आणि त्यात आधी काय बघायचं ते देतो :

- पी-०३०० : मिसिंग आहे, पण एका ठरावीक सिलिंडरवर नाही. सगळे प्लग, इंधनाचा दाब, खराब पेट्रोल यांच्याकडे बघा.
- पी-०१७१ : हवा जास्त, इंधन कमी. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या, गळती, इंधनाचा पुरवठा बघा. थेट ऑक्सिजन सेन्सर घेऊ नका.
- पी-०११३ : आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. अ‍ॅपवर हवेचं तापमान उणे ४० दाखवत असेल तर बहुधा प्लग निसटलाय किंवा वायर तुटलीय. नाशिकला कितीही थंडी पडली तरी उणे ४० होत नाही!
- पी-०५६२ : व्होल्टेज कमी. बॅटरी, टर्मिनल, अल्टरनेटर, बेल्ट.
- पी-०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी काम करतोय. लगेच नवा घेऊ नका. आधी मिसिंग आहे का, सायलेन्सरच्या पाइपला गळती आहे का, ते बघा.
- पी-२४६३ : डिझेल गाडीत काजळीच्या फिल्टरमध्ये काजळी साठली. रोज दोन-दोन किलोमीटर थांबत थांबत जाणाऱ्या डिलिव्हरी गाड्यांना हा त्रास जास्त होतो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी लागते. दिवे वाढत गेले तर सर्व्हिस सेंटर.

पायरी ६ : कोड शेवटी पुसा, आणि खात्री करा

काम झाल्यावर कोड पुसा आणि दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या लोडने गाडी चालवा. कोड परत वाचा. तुम्ही पुसला नाहीत तरी बिघाड खरंच गेला असेल, तर लागोपाठ साधारण तीन चांगल्या फेऱ्यांनंतर कॉम्प्युटर दिवा स्वतःच बंद करतो. म्हणजे दिवा विझवायची घाई करायचं कारणच नाही.

घरी कुठे थांबायचं?

धाडस आणि आगाऊपणा यात फरक आहे. सीएनजी किट, पेट्रोलची लाइन, डिझेलची उच्च दाबाची इंजेक्शन सिस्टिम, एअरबॅग, टायमिंग बेल्ट आणि हायब्रिड गाडीतल्या नारंगी केबल, यांना घरी हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचा, फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला जा, पाना उचलू नका.

आणि हो, हे सगळं मेकॅनिकची रोजीरोटी घालवायला नाही. चांगला मेकॅनिक तुमचा भागीदार आहे. फक्त त्याच्याकडे "दिवा लागलाय, बघा काय ते" म्हणून जाऊ नका. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो घेऊन जा आणि तीन प्रश्न विचारा : कोणता कोड आहे? हाच भाग गेलाय हे कोणत्या चाचणीवरून ठरवलंत? जुना भाग मला परत मिळेल ना? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

जुनी गाडी घेताना जादा टीप

सेकंड हँड टेम्पो किंवा व्हॅन घेताय? चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतोय ना, ते बघा. लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग अ‍ॅडाप्टर लावा आणि अ‍ॅपमध्ये 'रेडीनेस' बघा. बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असू शकते. अशा वेळी विक्रेत्याला सांगा, "दोन-तीन दिवस गाडी चालवा, मी परत बघायला येतो." त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं कळेल.

आता धंद्याचं बोलू

ताईंचा हिशोब परत मांडू. अंदाजाने केलेल्या दुरुस्तीचे ८,७०० रुपये. वाचून, मोजून केलेल्या दुरुस्तीचे अ‍ॅडाप्टर धरून २,१५० रुपये. आणि अ‍ॅडाप्टर तर कायमचा घरात राहिला.

पण मला त्या हिशोबापेक्षा तो सेन्सर जास्त लागला. कारण आपण धंद्यातही हेच करतो. विक्री घसरली की सेल्समन बदलतो. "ग्राहक तक्रार करतायत" असं रोज सांगणाऱ्या मुलाला किरकिऱ्या म्हणून बाजूला करतो. नवा माणूस येतो, महिन्याभराने तोही तेच सांगायला लागतो. कॉइल मात्र आत तशीच बसलेली असते. तक्रार आली की आधी ती शब्दशः लिहून घ्या. मग एका वेळी एक गोष्ट बदलून बघा. मग निर्णय घ्या.

मी ताईंना म्हटलं, त्या सेन्सरचे अर्धे पैसे मी देतो, पहिला चुकीचा सल्ला माझा होता. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "सर, त्यापेक्षा बॅचमध्ये सांगा. तिथे निम्म्यांकडे गाड्या आहेत." म्हणून हा लेख.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गाडीतलं सोळा पिनांचं सॉकेट कुठे आहे ते शोधा.
२. गाडी ठणठणीत असतानाच एकदा अ‍ॅपवर बॅटरीचा व्होल्टेज आणि इंजिनाचं तापमान बघून लिहून ठेवा. निरोगी आकडे माहीत असले की आजारी आकडे ओळखता येतात.
३. ड्रायव्हरला दिव्यांचे चार प्रकार समजावा.
४. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कोड, काय केलं, किती खर्च. एवढंच.

ताईंच्या व्हॅनमध्ये ती वही आता गॅसच्या पावत्यांसोबत क्लिपला लावलेली असते. पहिल्या पानावर पहिल्या दोन नोंदी आहेत, पी-०३०३ आणि पी-०१३१. त्याखाली ड्रायव्हरच्या अक्षरात लिहिलंय, "वायर काढायची नाही."

भेटूया पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, धंदा वाढवा!